मेंदूतल्या नांग्या

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात, जांबोटीकडे मामांच्या शेतावर गेले होते. लावणी निम्मीशिम्मी उरकली होती. वरच्या वाफ्यात आधी लावलेलं रोप मध्येमध्ये मेलं होतं, तिथं मामा नांग्या भरत होते. तरव्यातलं, म्हणजे लावणीसाठी आधी दाट वाढवलेल्या रोपांतलं उरलेलं रोप मुठीत, वाकायचं, मोकळी जागा बघून खोचायचं, पुढं सरकायचं. मी बांधावर छत्री धरून उभी. मान वर न करताच त्यांनी विचारलं, "पोरी, तू कॉलेजात हेच शिकवतीस न्हवं? डॉक्टर म्हणतात हिच्या मेंदूतल्या पेशी मरायला लागल्यात. मेल्या तर मेल्या. तिथं नांग्या भरायला येत न्हाईत काय?"

ही म्हणजे मामी. दोन वर्षांपूर्वी आमटीत दोनदा मीठ पडायला लागलं, त्याला आम्ही वय म्हणालो. मग बाजारात पैशांचा हिशेब चुकायला लागला. यंदा जूनमध्ये भर पावसात, तिन्हीसांजेला, मामी कणकुंबीच्या वाटेला लागली. माहेरी जायचं म्हणाली. माहेरचं ते घर पडून वीस वर्षं झाली. त्यानंतर बेळगावात मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं, स्कॅन झाला, अल्झायमर म्हणून निदान झालं आणि डोनेपेझिलची गोळी सुरू झाली. आत जाऊन बाहेर यायला दहा मिनिटं लागली. त्या दहा मिनिटांत मामांच्या हाती एवढंच लागलं, की पेशी मरतायत.

मी पीयू, म्हणजे अकरावी-बारावीच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. मेंदूची पेशी एकदा मेली की तिच्या जागी दुसरी येत नाही, हे वाक्य मी स्वतः पाठ केलंय आणि नंतर बरीच वर्षं फळ्यावर लिहिलंय. कातडी झडते, नवी येते. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण चार महिन्यांत बदलतात. मेंदूला मात्र जन्माला येताना जेवढं मिळालं तेवढ्यावरच भागवायचं. हे वाक्य निम्मं खोटं आहे. पण उरलेलं निम्मं मामांच्या प्रश्नाला आडवं येतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मेंदूच्या अभ्यासाचा पाया घालणारे स्पेनचे सांतियागो रामोन इ काहाल यांनी १९१३ च्या सुमारास लिहून ठेवलं, की मोठ्या माणसाच्या मेंदूत सगळं मरू शकतं, नवं काही उगवत नाही. १९०६ चं नोबेल मिळालेला माणूस. त्यांच्या सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसलं त्यावरून ते बरोबरच बोलले होते. पण पुढं ते वाक्य गावच्या मानकऱ्यासारखं होऊन बसलं. त्याला कुणी उठवेना.

१९६० च्या दशकात अमेरिकेत जोसेफ ऑल्टमन यांनी उंदरांवर एक युक्ती केली. पेशीचे दोन भाग होताना तिला नवा डीएनए तयार करावा लागतो आणि त्याला थायमिडिन नावाचा माल लागतो. ऑल्टमननी किरणोत्सर्गी थायमिडिन टोचलं. ज्या पेशी त्या दिवसांत जन्मल्या त्यांच्यात तो माल गेला, आणि मेंदूचे काप फोटोच्या फिल्मला लावल्यावर तिथं काळे ठिपके उठले. मोठ्या उंदरांच्या मेंदूतही ठिपके होते. १९६५ साली ऑल्टमन आणि गोपाल दास यांनी हे सविस्तर छापलं. कुणी फारसं मनावर घेतलं नाही. १९८० च्या दशकात फर्नांडो नॉटबोम यांनी कॅनरी पक्ष्याच्या मेंदूतल्या गाण्याच्या केंद्रात नवे न्यूरॉन, म्हणजे संदेश वाहणाऱ्या मेंदूच्या पेशी दाखवल्या, तेव्हाही लोक म्हणाले, पक्ष्यांचं वेगळं असतं.

माणसाचं काय, हे बघणं सोपं नव्हतं, कारण जिवंत माणसाचा मेंदू कापून बघता येत नाही. वाट सापडली ती कॅन्सरच्या रुग्णांमुळे. गाठीतल्या पेशी किती वेगानं वाढतायत हे कळावं म्हणून काही रुग्णांना बीआरडीयू नावाचं औषध टोचत असत. तेही थायमिडिनसारखंच नव्या डीएनएत जाऊन बसतं. स्वीडनचे पीटर एरिक्सन आणि अमेरिकेचे फ्रेड गेज यांनी अशा पाच जणांचे मेंदू त्यांच्या मृत्यूनंतर तपासले. पाचही वयस्क. पाचांच्याही मेंदूत खूण लागलेले नवे न्यूरॉन होते. ही १९९८ सालची गोष्ट. मृत्यूच्या दारात उभ्या असलेल्या माणसांनी नव्या पेशींचा पुरावा देऊन जावं, ही गोष्ट वर्गात सांगताना मी अजूनही थांबते.

त्यापुढची युक्ती मला याहून आवडते, कारण तिच्यात आपलं भातही आहे. १९५५ ते १९६३ या काळात मोठ्या देशांनी उघड्यावर अणुबॉम्बच्या चाचण्या केल्या. त्यामुळे हवेतला कार्बन-१४ नावाचा किरणोत्सर्गी कार्बन जवळजवळ दुप्पट झाला. १९६३ च्या करारानंतर त्या चाचण्या बहुतांशी थांबल्या, आणि तेव्हापासून हे प्रमाण वर्षागणिक उतरत गेलं, कारण समुद्र आणि झाडंझुडपं ते शोषून घेत होती. आता बघा, हवेतला कार्बन भाताच्या पातीत जातो, पातीतून दाण्यात, दाण्यातून आपल्या ताटात आणि ताटातून आपल्या पेशीत. पेशी जन्मते त्या वर्षी तिच्या डीएनएत जो कार्बन बसतो, तो पुढं बदलत नाही. म्हणजे पेशीच्या पोटात तिच्या जन्मसालाचा शिक्का असतो. त्या वर्षीच्या सुगीचा शिक्का म्हणा.

स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेत कर्स्टी स्पाल्डिंग, योनास फ्रिसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेलेल्या माणसांच्या मेंदूतले हे शिक्के वाचले. मेंदूच्या सालीतल्या, म्हणजे आपण ज्यानं विचार करतो त्या भागातल्या पेशींवर माणसाच्या जन्माचंच साल निघालं. तिथं नवं काही नाही, फळ्यावरचं वाक्य खरं. पण हिप्पोकॅम्पस नावाच्या एका भागात नंतरची सालं निघाली. २०१३ मध्ये त्यांनी हिशेब मांडला: प्रत्येक बाजूच्या हिप्पोकॅम्पसमध्ये दिवसाला साधारण ७०० नवे न्यूरॉन.

सातशे ऐकून मामा खूश झाले होते. पण माणसाच्या मेंदूत साधारण ८,६०० कोटी न्यूरॉन असतात. दोन्ही बाजूंचे मिळून वर्षभराचे पाच लाख धरले तरी अख्ख्या खानापूर तालुक्याच्या शिवारात एक ओंजळ तरवा. आणि तोही एकाच वाफ्यात.

तो वाफा कुठला, हे महत्त्वाचं. हिप्पोकॅम्पस कानाच्या आतल्या बाजूला खोलवर असतो, दोन्हीकडे एकेक, आकार समुद्रघोड्यासारखा. त्यातल्या डेंटेट गायरस नावाच्या दातेरी पट्टीतच नवी पेशी जन्मते. ही पट्टी करते काय? प्राण्यांवरच्या प्रयोगांतून असं दिसतं, की सारख्या दिसणाऱ्या दोन आठवणी एकमेकींत मिसळू न देणं हे तिचं मोठं काम. काल स्कूटर गणपत गल्लीच्या तोंडाशी लावली होती आणि आज खडेबाजारात लावलीय. रस्ता तोच, गर्दी तीच, स्कूटरही तीच. तरी तुम्ही आज खडेबाजारातच जाता. कोवळ्या पेशी चटकन उत्तेजित होतात, म्हणून ताज्या प्रसंगाचा वेगळा ठसा घेणं त्यांना जमतं, असा तर्क आहे. उंदरांत याची दुसरी बाजूही दिसली: नव्या पेशी फार वाढवल्या तर जुन्या आठवणी पुसट होतात, कारण नवं रोप जुन्या मुळांत घुसतं. तेव्हा जास्त म्हणजे चांगलं, हेही गृहीत धरू नये.

इथवर ऐकून वाटेल, प्रश्न मिटला. २०१८ साली तो पुन्हा उकरला गेला. मार्चमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या गटानं लिहिलं, की माणसात या नव्या पेशी लहानपणीच झपाट्यानं कमी होतात आणि मोठ्या माणसात एकही सापडत नाही. या गटाचे आर्तुरो आल्वारेझ-बुइया स्वतः नॉटबोम यांच्याकडे कॅनरीवर शिकलेले, म्हणजे नव्या पेशींशी त्यांचं काही वैर नव्हतं. पुढच्याच महिन्यात न्यूयॉर्कच्या मौरा बोल्द्रिनी यांच्या गटानं लिहिलं, की १४ ते ७९ वयाच्या २८ जणांत त्या सगळ्या वयांत सापडतात. एकाच अवयवाबद्दल दोन चांगल्या प्रयोगशाळा, महिन्याच्या अंतरानं, एकदम उलट.

भांडण कशावरून, हे बघितलं तर ते आपल्या स्वयंपाकघरातलंच निघतं: जिन्नस ठेवला कसा होता? कोवळ्या न्यूरॉनमध्ये डबलकॉर्टिन नावाचं प्रथिन असतं. त्याला चिकटणारा रंग घालून पेशी शोधतात. पण मेंदू मृत्यूनंतर किती तासांनी काढला, आणि मग फॉर्मालिनसारख्या द्रावात किती काळ बुडवून ठेवला, यावर ते प्रथिन दिसणार की नाही हे ठरतं. २०१९ मध्ये माद्रिदच्या मारिया योरेन्स-मार्टिन यांच्या गटानं नेमकं हेच तपासलं. द्रावात फार काळ राहिलेल्या तुकड्यांत खूण पुसट होत जाते, आणि नेमक्या वेळेत काढलेल्या तुकड्यांत ती ठसठशीत येते. अशा नीट राखलेल्या १३ निरोगी मेंदूंत, ४३ पासून ८७ वयापर्यंत, त्यांना हजारो कोवळ्या पेशी मिळाल्या. त्याच अभ्यासात अल्झायमरचे ४५ मेंदू होते. त्यांत त्या पेशी स्पष्टपणे कमी होत्या, आणि ही घट आजाराच्या अगदी पहिल्या पायरीपासूनच दिसत होती.

सगळ्यांना हे पटलं असं नाही. डबलकॉर्टिन दिसलं म्हणजे पेशी कालपरवा जन्मलेलीच असेल कशावरून, हा आक्षेप उरतोच. मग २०२५ मध्ये फ्रिसेन यांच्याच गटानं पेशीपेशीतली जनुकं वाचून, ज्यांच्यापासून न्यूरॉन होतात त्या विभागणाऱ्या मूळ पेशीच मोठ्या माणसांत दाखवल्या. त्यात मला सगळ्यात विचार करायला लावणारी गोष्ट ही, की माणसामाणसात फरक खूप निघाला. काहींत त्या चांगल्या संख्येनं, काहींत जवळपास नाहीतच. माझ्या मते पारडं आता "उगवतात, पण थोड्या" या बाजूला झुकलंय.

तर मामांच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर: तरवा आहे. आता दुसरं.

अल्झायमरमध्ये दोन गोष्टी बिघडतात. पेशींच्या बाहेर अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे गोळे साचतात, आणि पेशींच्या आत टाउ नावाच्या प्रथिनाचा गुंता होतो. टाउचा गुंता हिप्पोकॅम्पसच्या शेजारून सुरू होतो, मग हिप्पोकॅम्पसमध्ये येतो, मग सालीत पसरतो. म्हणून आधी आजची गोष्ट विसरते, मग वाट, मग माणसं. नव्या पेशी फक्त दातेरी पट्टीत आणि एकाच जातीच्या. सालीत जिथं खड्डे पडलेत, तिथं त्या चालत जात नाहीत. शिवाय वाफ्यातलं पाणीच नासलेलं असतं. सूज असते, गोळे असतात. उंदरांत असं दिसतं, की निरोगी मेंदूतही जन्मलेल्या बहुतेक पेशी काही आठवड्यांत मरतात, थोड्याच जोडणीला लागतात. नासलेल्या पाण्यात त्या थोड्यांचं काय होणार?

२०१८ मध्ये बोस्टनच्या गटानं अल्झायमर झालेल्या उंदरांवर हेच करून बघितलं. औषधानं आणि जनुकीय उपायानं फक्त नव्या पेशी वाढवल्या, तर स्मरणात फारसा फरक पडला नाही. सोबत बीडीएनएफ हे पेशींना पोसणारं प्रथिन वाढवलं, तेव्हा फरक पडला. आणि चाकावर पळणाऱ्या उंदरांत या दोन्ही गोष्टी आपोआप होत होत्या. रोप आणि खत दोन्ही लागतं, हे मामांना सांगायला मला दोन मिनिटंही लागली नाहीत. हे त्यांना माझ्यापेक्षा आधी माहीत होतं.

कंपवाताची, म्हणजे पार्किन्सनची गत आणखी वेगळी. त्यात मध्यमेंदूतल्या सब्स्टॅन्शिया नायग्रा या काळपट ठिपक्यातल्या, डोपामिन करणाऱ्या पेशी मरतात. हाताचा कंप दिसायला लागतो तोवर तिथल्या निम्म्याच्या आसपास पेशी गेलेल्या असतात. तिथं नैसर्गिक तरवाच नाही. म्हणून वैज्ञानिकांनी मामांची पद्धत धरली: तरवा बाहेर वाढवायचा आणि नेऊन लावायचा. २०२५ मध्ये याचे दोन छोटे प्रयोग प्रसिद्ध झाले. अमेरिका-कॅनडात १२ रुग्ण आणि क्योटोत ७. मूळ पेशींपासून बशीत वाढवलेल्या डोपामिनच्या पेशी मेंदूत लावल्या. त्या रुजल्या, गंभीर अपाय दिसला नाही, काहींच्या हालचाली सुधारल्या. एवढ्यानं उपचार सिद्ध होत नाही. पण मेंदूत खरोखरच्या नांग्या भरायचा प्रयत्न कुठं चाललाय असं कुणी विचारलं, तर मी याकडे बोट दाखवीन.

(कंपवातावरून आठवलं. खानापूरच्या रानातल्या खाजकुयलीच्या बियांत लेव्होडोपा असतं, जे कंपवाताच्या मुख्य गोळीतही आहे. हे खरं आहे. म्हणून बिया कुटून घ्यायच्या नाहीत. प्रत्येक बीत ते किती, याचा नेम नसतो, आणि गोळीवर ते चढलं तर माणूस भलताच हलायला लागतो.)

आणि हे इथं सांगणं भाग आहे: मामांच्या थोरल्यानं मोबाइलवर एक जाहिरात बघितली होती. मूळ पेशींचं इंजेक्शन, स्मृतिभ्रंशावर, काही लाखांत. म्हशी आणि दोन गुंठे विकायची बोलणी घरात सुरू झाली होती. आपल्या देशातल्या आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या नियमांनुसार रक्ताचे काही आजार सोडले, तर मूळ पेशींचा वापर फक्त मंजूर चाचणीतच करता येतो. चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत. जो पैसे मागतो, तो चाचणी करत नाही. म्हशी गोठ्यातच राहिल्या.

मग करायचं काय? चालणं, असं सगळे सांगतात. उंदीर पळाले की नव्या पेशी वाढतात, हे १९९९ पासून माहीत आहे. माणसांत २०११ च्या एका अभ्यासात १२० वयस्कांपैकी ज्यांना वर्षभर नियमानं चालवलं, त्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे दोन टक्क्यांनी वाढला. पेशी नव्या आल्या की आहेत त्यांच्या फांद्या वाढल्या, हे त्यावरून कळत नाही. आणि मामी आयुष्यभर चाललीय, डोक्यावर भारा घेऊन, चढावर. तिला झालाच. आजार टाळायची हमी नसते, शक्यता कमी होते एवढंच. हे न सांगता चाला म्हणणाऱ्यांचा मला राग येतो, कारण मग ऐकणाऱ्याला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं.

एक अभ्यास मात्र आपल्या भागानं मुद्दाम वाचावा असा आहे. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी हैदराबादच्या निम्स रुग्णालयात स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांची माहिती तपासली. त्यातले ३९१ दोन किंवा अधिक भाषा बोलणारे होते. एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा त्यांच्यात आजाराची लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झाली. शाळेत न गेलेल्यांतही हा फरक होता, म्हणजे निव्वळ शिक्षणाचा तो परिणाम नव्हता. २०१३ साली हे प्रसिद्ध झालं. सगळ्या देशांतल्या अभ्यासांत असंच दिसलंय असं नाही. तरी हैदराबादच्या तेलुगू-दख्खनीच्या जागी आपली मराठी-कन्नड ठेवून बघा. मामी घरात मराठी, बसमध्ये कन्नड, आणि माहेरकडची माणसं आली की कोकणी वळणाचं बोलते. पाट्यांच्या भाषेवरून आपण सत्तर वर्षं डोकी फोडतोय, आणि त्याच दोन भाषा डोक्याच्या आत एकमेकींना सांभाळतायत असं कुणी म्हणालं, तर मला तरी हसू येतं.

यात नव्या पेशींचा संबंध नाही, हे लक्षात घ्या. पेशी तेवढ्याच मरतात. पण एका भाषेला दाबून दुसरी वर काढायची रोजची सवय असलेल्या मेंदूत जोडण्या जास्त असतात, एक वाट बंद झाली की दुसरीनं काम चालतं, असं समजतात. याला राखीव क्षमता म्हणतात. वाफ्याला दोन पाट असले की एक फुटला तरी पाणी येतं.

भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे, असा २०२३ चा अंदाज आहे. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ मध्ये टाळता येण्याजोगी १४ कारणं मोजली: रक्तदाब, साखर, धूम्रपान, एकटेपणा वगैरे. त्यात कमी ऐकू येणं हे मोठं कारण आहे. मामीला सात-आठ वर्षं कमी ऐकू येतं. आम्ही सगळे त्यावर हसायचो, मीसुद्धा. जीवशास्त्र शिकवून.

हे सगळं त्या बांधावर सांगितलं नाही. थोडं तिथं, थोडं रात्री चुलीपाशी. मामांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे बाहेरनं लावायला अजून येत न्हाई. बरं. कानाचं मशीन कितीला मिळतं बघ की."

दुसऱ्या दिवशी मामीही शेतात आली. मला तिनं विचारलं, "तू कुणाची गे?" मी सांगितलं. ती हसली, तरव्याची जुडी घेतली आणि वाकली. हातांची सवय मेंदूच्या दुसऱ्याच भागांत राहते, ती या आजारात बराच काळ टिकते. बोटं सरसर चालत होती, रोप सरळ उभं राहत होतं. फक्त ती मामांनी भरलेल्या नांगीतच परत रोप खोचत होती. मामा मागनं जाऊन जादाचं रोप उपटत होते आणि पुढच्या मोकळ्या जागेत लावत होते.